पट्टी सांभाळा, खातेवही सोडून द्या

प्रश्न : ताई, मी आणि माझा मावसभाऊ विश्रामबागला सॉफ्टवेअरचं काम करतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि तासगावच्या बेदाण्याच्या अडत्यांसाठी आम्ही पट्टीचं, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब शेतकऱ्याला देण्याच्या कागदाचं, सॉफ्टवेअर बनवलंय. साठेक दुकानं ते वापरतात, वर्षाला आठ हजार रुपये एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, घेतो. दिवाळीपासून एका मोठ्या कंपनीचा माणूस यार्डात फिरतोय. मोबाइलवर बिलिंग, पहिलं वर्ष फुकट. आमची तीन दुकानं गेलीसुद्धा. भाऊ म्हणतो, एएमसी निम्मी करू आणि टॅलीसारखं पूर्ण अकाउंटिंग आपणच बनवू, म्हणजे गिऱ्हाईक कुठे जाणार नाही. तुमचं मत काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भावाला सांगा, यातलं एकही करू नका. आधी अकाउंटिंगचं बोलते, कारण त्यात तुमची उमेदीची वर्षं आणि घरचा पैसा जाईल.

खातेवहीचं सॉफ्टवेअर बनवणं आज फार अवघड राहिलेलं नाही. ते कायद्याबरोबर चालतं ठेवणं अवघड आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सुरू झालं ते ५०० कोटींवरच्या उलाढालीसाठी. ती मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. हळदीच्या यार्डात ५ कोटी हा काही फार मोठा आकडा नाही. एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना तर प्रत्येक दुरुस्तीची नोंद आपोआप ठेवणारंच सॉफ्टवेअर लागतं. असा बदल आला की टॅलीच्या बंगळुरूच्या ऑफिसात त्यासाठी फौज बसलेली असते. तुम्ही दोघं आहात. एखादी तारीख हुकली तर दंड अडत्याला होईल आणि यार्डात नाव तुमचं जाईल.

शिवाय टॅलीची ताकद नुसती स्क्रीनवर नाही. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते लिहिलं. खात्यांना कोड नंबर द्यायची अट त्यांनी काढून टाकली, त्यामुळे वहीवर वाढलेला मुनीमही संगणकावर बसू शकला. पुढे टीडीएल नावाच्या टॅलीच्याच भाषेत बदल करून विकणारे पार्टनर गावोगाव तयार झाले. आज आपल्याकडची बी.कॉम.ची मुलं टॅलीचा क्लास करून नोकरीला लागतात. मी गणपती पेठेत एका कर सल्लागाराकडे कामाला होते, तेव्हापासून पाहतेय : हिशेबाचं सॉफ्टवेअर अडत्या निवडत नाही, त्याचा कर सल्लागार निवडतो. मार्च अखेरीला ज्या फाइलवर त्याचा हात बसलाय, तीच तो मागणार. त्या टेबलावर तुम्हाला टॅलीला हरवता येणार नाही, आणि हरवायची गरजही नाही.

कारण तुमच्याकडे पट्टी आहे, आणि ती मूळ टॅलीकडे नाही, त्या फुकटवाल्या ॲपकडेही नाही. बिलिंग ॲपला एक विकणारा कळतो आणि एक घेणारा. अडतीत माल शेतकऱ्याचा, खरेदी व्यापाऱ्याची, आणि जोखीम मधल्या अडत्याच्या गल्ल्यावर. व्यापाऱ्याचे पैसे मुदतीने येणार, शेतकरी मात्र पट्टी घेऊनच गावाकडे जायला बघणार. त्यात त्याने लागणीच्या वेळी घेतलेली उचल वळती करायची. एकाच शेतकऱ्याची हळद, पण हळकुंडाला एक भाव आणि गठ्ठ्याला, म्हणजे गोल कंदाला, दुसरा. हमाली, तोलाई, बारदान वेगळं. बेदाण्यात बॉक्समागे तूट किती धरली, यावरून तर भांडणं होतात, आणि ती तूट पट्टीवर स्पष्ट छापलेली असली की निम्मं भांडण तिथेच मिटतं. हे सगळं तुम्ही यार्डात उभं राहून शिकलात. देशभर एकच ॲप विकणारी कंपनी दोन बाजारपेठांच्या रिवाजासाठी वेगळं काम करत बसणार नाही. तिचं गणितच लाखो गिऱ्हाइकांना एकसारखी वस्तू देण्यावर चालतं.

म्हणून मोसम सुरू व्हायच्या आत एवढं करा. पट्टी झाली की तिच्या नोंदी एका बटनात टॅलीत उतरू द्या. टॅली एक्सएमएल फाइल घेते. उद्या कुणाकडे झोहो बुक्स किंवा बिझी यांसारखं हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअर आलं तर तिथेही उतरू द्या. मग ते घेऊन अडत्याकडे नाही, सांगली-मिरजेतल्या कर सल्लागारांकडे जा. त्यांच्या मुलांचं मार्चमधलं टायपिंग वाचलं, तर तुमची शिफारस ते स्वतःहून करतील.

आता एएमसी. फुकटाची भीती मनातून काढा. २०१९ मध्ये जीएसटीचं पोर्टल चालवणाऱ्या जीएसटी नेटवर्कनेच दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीच्या करदात्यांना बिलिंग-अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं होतं. तुमच्याच साठ दुकानांत विचारा, किती जणांनी ते घेतलं. या धंद्यात खरी किंमत एएमसीलाच आहे. जून २००३ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेतल्याच पीपलसॉफ्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर बोली लावली. शेवटी जानेवारी २००५ मध्ये तिने ती कंपनी घेतली, ती सुमारे १०.३ अब्ज डॉलर देऊन. मोल होतं ते दरवर्षी देखभालीचे पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांचं. त्या झगड्यात पीपलसॉफ्टने गिऱ्हाइकांना लिहून दिलं होतं, की कंपनी विकली गेली आणि नव्या मालकाने सेवा कमी केली तर परवान्याच्या किमतीच्या दोन ते पाच पट परत मिळतील. सॉफ्टवेअर वाऱ्यावर पडेल, ही गिऱ्हाइकाची धास्ती एवढी मोठी असते. तुम्ही एएमसी निम्मी केलीत तर तीच धास्ती वाढेल. दर तोच ठेवा, आणि फेब्रुवारी ते मे सौद्याच्या वेळी दोघांपैकी एकाने यार्डातच बसायचं, हे कागदावर लिहून द्या.

गेलेल्या तीन दुकानांचा डेटा अजिबात पुसू नका. मागतील तेव्हा हसतमुखाने द्या. गिऱ्हाईक अडवून ठेवायचा विचार भावाच्या बोलण्यात डोकावतोय, तो मला मुळीच आवडला नाही. हिशेब त्यांचा आहे.

प्रश्न : आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचे सगळे हिशेब ऑनलाइन सॉफ्टवेअरवर आहेत. कंपनी मोठी आहे. तरी तिने गाशा गुंडाळला तर?
— एक वाचक, कराड

उत्तर : कंपनी बुडावीच लागते असं नाही. क्विकबुक्स हे हिशेबाचं ऑनलाइन सॉफ्टवेअर बनवणारी इंट्युइट ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी, पण भारतातलं क्विकबुक्स बंद करत असल्याचं तिने २०२२ मध्ये जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. इथला धंदा त्यांच्या आखणीत बसत नसला की मोठी कंपनी निघून जाते. ज्यांच्याकडे उतरवून घेतलेला डेटा होता, त्यांना दुसरीकडे जाणं सोपं.

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायची जबाबदारी तुमची आहे, सॉफ्टवेअर कंपनीची नाही. दर महिनाअखेरीला खाती, स्टॉक आणि येणी-देणी एक्सेलमध्ये उतरवून दुकानातल्या संगणकावर ठेवा, आणि फाइल उघडून बाकी जुळते का तेही बघा. उतरवून घ्यायची सोय सापडली नाही, तर पुढच्या वर्षाचे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर मागा.