सकाळी बरी, दुपारी आडवी

बेळगावात माझ्याकडे खानापूर, निपाणीकडून मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचे रुग्ण येतात. सोबतच्या माणसाचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सकाळी चांगली फिरत होती, दुपारी पाय उचलंना म्हणते. मॅडम, हे खरं असतंय की नाटक?"

अशीच तिशीतली एक सून सासूबाईंबरोबर आली (ओळख बदलली आहे). आधी एका डोळ्याला अंधुक दिसलं, डोळा फिरवताना दुखलं आणि काही आठवड्यांत निवळलं. वर्षभराने पाय बधिर झाले, तेव्हा एमआरआय होऊन निदान झालं. घरात मात्र विश्वास नव्हता.

मी रुग्णाला एकट्याला बसवत नाही, घराला बसवते. आणि 'खरं का?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कधी?' विचारते.

"पाय जड झाला म्हणते तेव्हा ती कुठं असते?"

"चुलीपुढं. नाहीतर कढत पाण्यानं न्हाऊन आल्यावर." सासूबाई थांबल्या. "उन्हातनं आल्यावरबी."

"आणि सावलीत बसल्यावर?"

"तासाभरात उठतीय की! म्हणूनच मला ढोंग वाटायचं."

ज्याला त्या ढोंग म्हणत होत्या, तेच या आजाराचं लक्षण आहे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करते. अंग तापलं की अशा तंतूंतून संदेश नीट जात नाहीत, गार झालं की पुन्हा जाऊ लागतात. श्रमानंतर अशा रुग्णांना तात्पुरतं अंधुक दिसतं, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच नोंदवलं होतं.

सून रडू लागली. "मलाच वाटायला लागलं होतं, मी आळशी झाले की काय."

सासूबाई तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "उद्यापासनं कोमट पाण्यानं न्हा. भाकऱ्या मी थापते."

माझ्या औषध नसलेल्या कामात याहून मोठं यश मी मागत नाही.

अशा घरांनी जड कामं सकाळच्या गारव्यात उरकावीत. ताप आला तर तो आधी उतरवावा. ताप नसताना नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं. बरं वाटतंय म्हणून औषध बंद करू नये. हा आजार संसर्गाने पसरत नाही. मूलही होऊ शकतं, फक्त औषधांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. नावात स्क्लेरोसिस आहे म्हणून एएलएस या स्नायू लुळे करत जाणाऱ्या आजाराची माहिती वाचून घाबरू नये, तो निराळा आजार आहे. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी.