बेळगावात राहून, क्लास न लावता जलरंग शिकता येतील का? माझी चित्रे मळकट का होतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेतल्या ड्रॉइंगच्या लोअर परीक्षेनंतर ब्रश हाती धरला नव्हता, आता चाळिशीत पुन्हा जलरंग सुरू केले आहेत, व्हिडिओत दाखवतात तसेच सगळे करूनही चित्र मळकट होते, तर क्लास लावावा का, रंग बदलावेत का, आणि पावसाळा तोंडावर आल्यामुळे हे सारे दिवाळीपर्यंत बाजूला ठेवावे का? मी व्यवसायाने चित्रकार नाही. नोकरी सांभाळून जलरंगात रमणारा हौशी माणूस आहे आणि आपल्यासारखाच बेळगावात राहतो. माझे उत्तर असे की हे काम मुळीच बाजूला ठेवू नये, कारण जलरंगात जी गोष्ट सर्वांत उशिरा समजते ती आपल्याकडचा पावसाळा सर्वांत लवकर शिकवतो.

मळकटपणाचे खापर बहुतेक जण रंगांवर फोडतात आणि महागड्या ट्यूब मागवतात. खरा दोष बहुधा वेळेचा असतो. जलरंग म्हणजे अतिशय बारीक दळलेले रंगद्रव्य आणि त्याला कागदाशी धरून ठेवणारा डिंक. पाणी मिसळले की रंगाचे कण त्यात तरंगू लागतात आणि पाणी आटत गेले की ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. कागद पूर्ण ओला असताना त्यावर दुसरा रंग सोडला, तर दोन्ही आपोआप एकमेकांत उतरतात. कागद पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने दुसरा थर दिला, तर खालचा थर वरच्यातून स्वच्छ दिसतो. या दोन अवस्थांच्या मधे जी अर्धवट ओल असते तिथेच सगळा घोटाळा होतो. त्या वेळी ब्रश फिरवला की नुकतेच बसू लागलेले कण उखडतात, वरच्या रंगात कालवले जातात आणि दोन्ही रंगांची तकाकी जाते. त्याच वेळी ब्रशमधून पाणी जास्त सुटले, तर ते पाणी आजूबाजूचे कण ढकलत नेते आणि दातेरी कडांचा डाग उमटतो. तो डाग सारवण्यासाठी आपण पुन्हा ब्रश लावतो, आणि चित्र तिथेच हातचे जाते.

व्हिडिओ पाहून हुबेहूब करता येत नाही याचे कारणही यातच आहे. त्यातला माणूस ‘आता थोडे थांबा’ म्हणतो तेव्हा ते थांबणे त्याच्या खोलीच्या हवेचे असते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी उघड्यावर बसलात, तर आभाळाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग पातळ थर, क्षितिजापर्यंत येईतो वरची बाजू सुकलेली असते. जुलैच्या झडीत खोलीत बसलात, तर तोच वॉश चहा करून, पिऊन आलात तरी ओलसरच असतो. म्हणून घड्याळाकडे न पाहता कागदाकडे पाहायला शिकणे हाच खरा अभ्यास आहे, आणि पावसाळ्यात कागदाच्या सगळ्या अवस्था इतक्या सावकाश उलगडतात की नवशिक्यालाही त्या एकेक करून पाहता येतात.

तो अभ्यास असा करावा. खिडकीकडे तोंड करून बसावे, ड्रॉइंग बोर्ड किंचित तिरका ठेवावा आणि कागदावर अल्ट्रामरीन ब्लूचा तळहाताएवढा सपाट वॉश द्यावा. मान खाली आणून खिडकीच्या तिरप्या उजेडात त्याकडे पाहिल्यास पहिल्यांदा पाणी साचल्याची लख्ख चकाकी दिसेल. काही वेळाने ती मंदावेल आणि कागदाचा पोत वर येऊ लागेल. मग चकाकी कडांकडून आत ओसरत जाईल आणि शेवटी पृष्ठभाग निस्तेज होईल. यातल्या प्रत्येक टप्प्यावर, दर वेळी नव्या जागी, ब्रशच्या टोकाने घट्ट बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, एक ठिपका टेकवावा आणि त्याचे काय होते ते पाहावे. पहिला ठिपका दूरवर पसरेल, मंद चकाकीतला मऊ कडा राखून बराचसा जागीच राहील, आणि चकाकी ओसरताना टेकवलेला ठिपका जरा पातळ असला तर वर सांगितलेला दातेरी डाग देईल. पृष्ठभाग निस्तेज झाला म्हणजे कागद वाळला असे मात्र समजू नये. बोटाची मागची बाजू हलकेच टेकवावी. गार लागले तर आत अजून ओल आहे आणि दुसरा थर देण्याची वेळ झालेली नाही. हेअर ड्रायर वापरण्यास हरकत नाही, पण चकाकी असताना तो लावला तर रंग हवेने ढकलला जाऊन त्याचे ओघळ होतात.

आता साहित्याबद्दल. पैसे खर्च करायचेच असतील तर ते कागदावर करावेत. शाळेत वापरतात तो पातळ ड्रॉइंग पेपर पाणी पडताच फुगतो, खळग्यांत पाणी साचते आणि वर सांगितलेला कोणताही टप्पा नीट दिसत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्यतो शंभर टक्के कापसाचा आणि कोल्ड प्रेस्ड म्हणजे मध्यम खरबरीत पोताचा कागद घ्यावा. इम्पिरिअल आकाराचा पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की सरावाला पुरेसा आकार मिळतो, आणि बिघडलेल्या चित्राची मागची बाजूही कामी येते. चांगल्या कागदात पाणी लगेच मुरू नये म्हणून जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा पडलेला कागद बुरशी धरतो, खळ बाद होते आणि मग त्यावर रंग टीपकागदावर उतरावा तसा आत शोषला जातो. नवा ताव प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवावा. बेळगावातच नव्हे, खानापूर, जांबोटीकडच्या जास्त पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी तर ही काळजी घेतलीच पाहिजे.

ब्रश एकच, बारा नंबरचा गोल, पोटात भरपूर पाणी धरणारा आणि टोक न सोडणारा असला तरी काम भागते.

रंग मोजके ठेवावेत. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, एक लिंबाकडे झुकणारा पिवळा आणि एक गुलाबीकडे झुकणारा लाल एवढ्यावर बराच काळ निघतो. कॅम्लिनच्या विद्यार्थी श्रेणीतल्या ट्यूबनीही सुरुवात करता येते. मात्र ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. अल्ट्रामरीनचा क्रमांक पीबी२९ असतो. ज्या ट्यूबमध्ये तीन-तीन रंगद्रव्ये आधीच मिसळलेली असतात ती दुसऱ्या तशाच ट्यूबशी मिसळली की मळकटपणा लवकर येतो. अलिझरीन क्रिमसन या गडद लाल रंगाचे जुने रंगद्रव्य, पीआर८३, उजेडात उडते, म्हणून भिंतीवर लावायच्या चित्रात ते टाळावे. पांढरी आणि काळी ट्यूब, निदान पहिले वर्षभर, डब्याबाहेर ठेवावी असे माझे ठाम मत आहे. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. पांढरा रंग हाताशी असला की कागद कोरा सोडण्याची शिस्त लागत नाही.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या जोडीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या मुलखातले निम्मे चित्र तिच्यात आहे. खानापूरकडचे जांभ्याचे, मंगळुरी कौलांचे एखादे घर घ्या. आधी छप्पर आणि भिंत मिळून एकच फिकट वॉश द्यावा, बर्न्ट सिएना जास्त आणि निळा नावापुरता, आणि छपराच्या ज्या बाजूने उजेड येतो तिथली एक पट्टी कोरी सोडावी. वॉश मंद चकाकीत आला की शेवाळलेल्या जागी पिवळ्या-निळ्याचे हिरवट ठिपके टेकवून हात मागे घ्यावा. पूर्ण वाळल्यावर, बोटाने खात्री करून, वळचणीची सावली एकाच फटक्यात ओढावी. या वेळी निळा जास्त, म्हणजे ती गार आणि करडी दिसेल. कौले मोजत बसू नये. सावलीच्या कडेला दोन-चार वळसे दिले की डोळा बाकीची कौले स्वतः लावून घेतो. रंग वाळल्यावर फिकट होतो, त्यामुळे सावली ओली असताना जरा जास्तच गडद वाटली पाहिजे.

क्लासबद्दल विचारलेत. बेळगावला चित्रकलेची मोठी परंपरा आहे, चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी इथे चित्र मंदिर ही कलाशाळा चालवली आणि १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. चांगला शिक्षक मिळाला तर जरूर जावे, पण तो आपल्यासमोर बसून पूर्ण चित्र करून दाखवतो का हे आधी पाहावे, कारण पाण्याची वेळ केवळ तोंडी समजावून देता येत नाही. नमुना देऊन त्याची नक्कल करून घेणारा क्लास असेल तर ते पैसे कागदाला लावलेले बरे. त्यापेक्षा मूळ चित्रे पाहायला जाणे अधिक उपयोगी पडते. कोल्हापूर फार लांब नाही. तिथे कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांची निसर्गचित्रे पाहता आली तर नाक कागदाला लागेल इतक्या जवळून पाहावीत. थर कुठे दिला आहे आणि कुठे दिलेला नाही हे छापील प्रतीत कळत नाही.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला आणि येळ्ळूरच्या शिवारात भात पिवळे पडू लागले की बाहेर बसायला सुरुवात करावी. तेव्हा कागद भराभर वाळेल, म्हणून वॉशच्या आधी त्याची मागची बाजूही ओली करून घ्यावी आणि पॅलेटमध्ये रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवावा. आपण सावलीत बसावे आणि कागदावरही ऊन पडू देऊ नये, कारण उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, हात नकळत गडद चालतो आणि घरी आणल्यावर भर दुपारचे राजहंसगडाचे चित्र तिन्हीसांजेचे वाटते.