वाचकांचे प्रश्न : माळावरची मेंढरे आणि मागचा डोंगर

प्रश्न : दिवाळीनंतर फलटणच्या बाजूला प्रवास करताना माळावर धनगरांचे कळप दिसतात. गाडी थांबवून मी छायाचित्रे काढतो. त्यांत डोंगर आणि आभाळ उत्तम येते, मेंढरे मात्र नुसते काळे ठिपके दिसतात. यावर उपाय काय?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : दख्खनी मेंढी बहुधा काळी किंवा काळपट असते आणि त्या दिवसांतला माळ वाळलेल्या गवतामुळे पिवळाधमक दिसतो. चौकटीत मेंढरे लहान आणि गवत-आभाळ जास्त असले, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या उजेडावर बेतून छायाचित्र गडद करतो, आणि आधीच काळ्या असलेल्या लोकरीतला सगळा तपशील बुडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी आत घेतला जाणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). याउलट कळपाने चौकट भरली असेल, तर मीटर त्या काळ्या रंगाला राखाडी करू पाहतो, म्हणून तेव्हा तेवढेच कमी करावे. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात छायाचित्र घेतल्यास सावलीतला तपशील नंतरही थोडाफार उजळता येतो.

तरीही माझ्या मते खरा उपाय वेळेचा आहे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात काळी लोकर सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना उजेड बाजूने आला, की लोकरीचा प्रत्येक झुपका वेगळा होतो, आणि सूर्य कळपाच्या मागे असेल तर खुरांनी उडवलेली धूळ पेटल्यासारखी उजळते.

डोंगर मोठा हवा असेल, तर मेंढरांच्या जवळ जाऊन वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स वापरू नये, कारण तीत पुढची मेंढी मोठी होते आणि डोंगर पार मागे जाऊन टेकडीएवढा उरतो. दूर उभे राहून ७० ते २०० मिलिमीटरची झूम लेन्स वापरावी, ॲपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) एफ ८ ते ११ ठेवावे आणि चालत्या कळपासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/५००च्या आसपास असावा. दूर राहिल्याने कळपही बुजत नाही, आणि मला हा फायदा छायाचित्रापेक्षा मोठा वाटतो. मेंढीचे डोळे डोक्याच्या बाजूंना आणि बाहुल्या आडव्या असल्याने तिला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून चालत जाणे टाळावे आणि तिला दिसेल असे, तिरके, सावकाश जावे. एक मेंढी पळाली की सगळा कळप पळतो, मग रस्ता जवळ असेल तर अपघात होतो आणि गाभण मेंढ्यांनाही इजा होऊ शकते. ड्रोन तर कळपावर नेऊच नये.

आणखी एक सुचवतो. दिवसभर चरून कळप संध्याकाळी वाड्यावर, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांच्या मुक्कामावर, परततो, तेव्हा मागे ठेवलेली कोकरे ओरडत आयांकडे धावतात. प्रत्येक मेंढी कोकरू आचळाला लागले, की मान वळवून त्याच्या शेपटीकडचा वास घेते आणि आपले नसेल तर ढुशी देऊन बाजूला करते. परवानगी घेऊन एका कडेला बसून राहिलात, तर सबंध दिवसात न मिळालेले छायाचित्र या वेळात मिळते.

प्रश्न : परवानगी कशी मागावी? पैसे द्यावेत का?
(एक वाचिका, सातारा)

उत्तर : कॅमेरा बाहेर काढण्याआधी “रामराम मामा” म्हणून पुढे यावे, राखणीच्या कुत्र्यांना आवरण्यासाठी हाक मारावी आणि मग हेतू सांगावा. पाऊस सरल्यावर माण-फलटणकडचे अनेक वाडे चराईसाठी कोकणाच्या दिशेने निघतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतात, कारण रात्रभरात पडणाऱ्या लेंड्या-मुताने जमीन सुपीक होते, आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. मेंढपाळाची तीही कमाई असल्याने, कळप अडवून “जरा इकडे उभे करा” म्हणणे म्हणजे त्याच्या कामाचा वेळ खाणे होय. तेवढा वेळ घेतलाच, तर मोबदला द्यावा. नुसते उभे राहून टिपले असेल, तर पैशांऐवजी छायाचित्राची छापील प्रत किंवा मोबाइलवर प्रत पाठवावी आणि ती खरोखर पाठवावी. घोड्यावरच्या ओझ्यात बसलेली कोकरे किंवा चुलीपाशी बसलेल्या बाया टिपताना पुन्हा एकदा विचारावे, कारण पाल (तंबू) उघड्यावर असले तरी ते त्यांचे घरच आहे. छायाचित्र समाजमाध्यमावर टाकताना नेमके ठिकाण आणि दिवस लिहू नये. कळप ही मेंढपाळाची सगळी पुंजी असते आणि मेंढ्यांच्या चोऱ्या होतात.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?
(एक वाचक, बारामती)

उत्तर : जमेल. मोबाइलची मुख्य लेन्स वापरावी, बोटांनी झूम करू नये, आणि कळप ज्या वाटेने येणार ती मेंढपाळाला विचारून वाटेच्या कडेला आधीच खाली बसावे. काळ्या मेंढीवर बोट टेकवून उजेड थोडा कमी-जास्त करून पाहावा. धुळीमुळे लेन्स सारखी मळते, म्हणून खिशात सुती कापड असू द्यावे.