सदाफुलीची पानं केमोसोबत चालतील का?

प्रश्न : मावशीला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, केमोत व्हिन्क्रिस्टिन देतात. ते सदाफुलीपासून बनतं असं कळलं. दारातल्या सदाफुलीची पाच-सात पानं रोज उपाशीपोटी दिली तर फायदा होईल का? (लातूर)

उत्तर : देऊ नका. देत असाल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतलंच, हे खरं. पण किलोभर वाळक्या पानांत ते जेमतेम काही मिलिग्रॅम भरतं, तेही शंभरावर इतर अल्कलॉइडांच्या (वनस्पतीतल्या तीव्र परिणामाच्या द्रव्यांच्या) गर्दीत. डोस ठरतो तो शरीराच्या पृष्ठभागावरून, साधारण दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम. १.६ चौरस मीटरला हिशोब २.२४ येतो, तरी मोठ्या माणसाला बहुधा २ मिलिग्रॅमवरच थांबतात, कारण त्यापुढे नसांना (मज्जातंतूंना) इजा होण्याचा धोका वाढतो. असं मोजमाप पानांचं होत नाही. तोंडावाटे हे द्रव्य भरवशाने रक्तात उतरतही नाही. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहासाठी हा पाला तपासत होते; तोंडावाटे दिलेल्या अर्काने उंदरांची साखर उतरली नाही, अर्क टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे सदाफुलीतलंच दुसरं कॅन्सरचं औषध हाती आलं. पानं खाऊन विषबाधा मात्र होऊ शकते, आणि केमोने आधीच उतरलेल्या पांढऱ्या पेशी आणखी घटल्या तर साध्या तापाचंही निभावणं अवघड.

मावशींसाठी खरी काळजी वेगळीच घ्यायची आहे. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे लागतात ते व्हिन्क्रिस्टिन जुळू देत नाही. नसांनाही तेच धागे लागतात, म्हणून बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लागेनासे होतात, चालताना पायातली चप्पल निसटते. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या डोसच्या आधी सांगा. बद्धकोष्ठ हमखास होतं. आतड्यांची हालचालच मंदावलेली असते, तेव्हा नुसत्या इसबगोलावर विसंबू नका, पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या. सलाईनच्या जागी जळजळलं तर तत्क्षणी नर्सला बोलवा. औषध शिरेबाहेर सांडलं तर बर्फ लावायचा नसतो, या औषधाला कोमट शेक लागतो. आणि गजकर्णासाठी दुकानातून परस्पर आणलेली इट्राकोनॅझोलची गोळी घरात असेल तर ती मावशींना अजिबात देऊ नका. तिच्यामुळे यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडतो आणि ठरलेलाच डोस विषारी ठरतो.

प्रश्न : आमच्या भागात नरक्याच्या लाकडाची पावडर कॅन्सरवर म्हणून विकतात. उकळून प्यावी का? (चंदगड)

उत्तर : नको. नरक्यात कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य असतं, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. काढ्यात किती उतरलं ते कोणीच सांगू शकणार नाही. हे द्रव्य १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि चाचण्या थांबल्या. रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं घडवायला पुढची कित्येक वर्षं गेली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली परवानगी मिळाली. इरिनोटेकननेही जुलाब इतके होतात की जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या कधी, किती घ्यायच्या ते रुग्णाला आधीच सांगून ठेवतात. पावडर विकणारा यातलं काय सांगतो? शिवाय या लाकडासाठी सह्याद्रीतली झाडं तोडली जातात, तेही आपल्याच डोळ्यांदेखत.

प्रश्न : मग केमो चालू असताना हळदही बंद करायची? (ठाणे)

उत्तर : भाजी-आमटीतली हळद चालू द्या. हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल बंद ठेवा, विशेषतः ज्यांत मिऱ्यातलं पिपेरिन घातलेलं असतं त्या. औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांना पिपेरिन अडवतं. कॅप्सूल घेत असाल तर डबीच पुढच्या भेटीला घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.