आयर्लंडमध्ये चर्चच्या संस्थेत वाढलेल्या आजोबांना कसं सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आयर्लंडमधल्या एका नर्सिंग होममध्ये नव्याने रुजू झालात, तिथले एक आजोबा लहानपणी चर्चच्या संस्थेत होते आणि अंथरूण ओलं झालं की ते थरथर कापतात. मीही इथे हेच काम करते.

आधी अंथरुणाचंच सांगते. इंडस्ट्रियल स्कूल नावाच्या या संस्थांमधली बहुतेक मुलं अनाथ नव्हती. घरात गरिबी, आई अविवाहित किंवा वारलेली, एवढ्यावरून कोर्ट त्यांना सोळा वर्षांची होईपर्यंत तिथे पाठवायचं. संस्था चालवायचे ख्रिश्चन ब्रदर्स, सिस्टर्स ऑफ मर्सी असे संघ, आणि दर मुलामागे पैसे यायचे सरकारी तिजोरीतून. या संस्थांमधल्या मुलांच्या छळाची चौकशी करणाऱ्या रायन आयोगाच्या २००९ च्या अहवालात अंथरूण ओलं केल्याबद्दलची मारहाण, सगळ्यांसमोर केलेली फजिती, उपासमार, लैंगिक अत्याचार, सगळं नोंदलेलं आहे. काही ठिकाणी मुलांना नंबरने हाक मारत.

म्हणून चादर बदलताना दार लावून घ्या, आवाज खाली ठेवा, दुसऱ्या कुणाला मदतीला बोलवायचं तर आधी त्यांना विचारा. 'रूम बारा' असं कधीही म्हणू नका. उशीखाली पाव सापडला तर रागावू नका. फादर किंवा सिस्टर भेटीला येणार असतील तर आजोबांची इच्छा आधी विचारा. काहींना त्यातून धीर मिळतो, काहींना तो पोशाखही सहन होत नाही. आपल्याकडे कॉन्व्हेंटबद्दल आदर असतो, तो इथे गृहीत धरू नका. म्हातारपणी पुन्हा संस्थेत यावं लागणं ही यांच्यापैकी अनेकांची मोठी भीती असते.

आता मदतीचं. २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रिड्रेस बोर्डाने, म्हणजे भरपाई मंडळाने, पंधरा हजारांहून जास्त जणांना भरपाई दिली, पण सुनावणीतली माहिती बाहेर सांगायला त्याच कायद्याने बंदी घातली. मला हे फार अन्यायाचं वाटतं. आजोबा भरपाईबद्दल गप्प राहिले तर खोदून विचारू नका. नवे अर्ज कधीच बंद झालेत. मात्र भरपाई मिळालेल्यांसाठी २०२५ मध्ये आरोग्यसेवा आणि शिक्षणासाठी मदत देणारा नवा कायदा झालाय. तुमच्या मॅनेजरला किंवा सोशल वर्करला त्याबद्दल जरूर विचारा. एचएसईची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, नॅशनल काउन्सेलिंग सर्व्हिस (समुपदेशन सेवा) मोफत आहे, तिला भरपाईची अट नाही.

आजोबांचा जन्म मदर अँड बेबी होममध्ये, म्हणजे अविवाहित मातांना बाळंतपणासाठी ठेवायच्या त्या संस्थेत, झाला असेल, तर २०२२ च्या कायद्याने जन्माची कागदपत्रं मिळण्याचा हक्क त्यांना आहे. अर्ज टुस्लाकडे (मुलं आणि कुटुंबांसाठीची सरकारी संस्था) किंवा अडॉप्शन अथॉरिटीकडे (दत्तक प्राधिकरण) जातो. मदर अँड बेबी होमसाठीची भरपाई योजना वेगळी, २०२४ मध्ये सुरू झालेली. तिथे बालपणी सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेल्यांना ती लागू होत नाही. कागदपत्रं आली की वाचताना कुणी जवळ हवंय का, हेही आजोबांनाच ठरवू द्या.