तांदळाच्या डब्यातली क्वार्टर

नौपाडा, ठाणे

प्रिय लेखकमित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी एकांकिका दोनदा वाचली. विषय दारूचा असूनही तू कीर्तनाच्या वाटेला गेला नाहीस, याचे समाधान वाटले. मात्र पहिल्याच प्रवेशात तुझा नायक झोकांड्या खात येतो आणि शेजाऱ्यांशी हुज्जत घालतो, तिथे मी अडखळलो. हा प्रवेश गडकरी रंगायतनात झाला तर लोक हसतील, आणि त्या हशात एकदा सापडलेला माणूस पुढच्या अर्ध्या तासात काही केल्या गंभीर होत नाही. ज्यांच्या नावाचे ते नाट्यगृह आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनीही ‘एकच प्याला’मध्ये हशा घेतला; पण तो मुख्यतः तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या वाट्याला दिला, सिंधूच्या संसाराच्या नव्हे.

दिग्दर्शक बिली वाइल्डर यांचा १९४५ चा ‘द लॉस्ट वीकेंड’ हा दारुड्या लेखकावरचा चित्रपट तू पाहावास, तोही वही घेऊन. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली, हे तुला कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचे आहे ते वेगळे. या चित्रपटाच्या पहिल्या चाचणी खेळाला प्रेक्षक चक्क हसले होते. तेव्हा त्याला तात्पुरते, हलकेफुलके संगीत जोडलेले होते. पुढे मिक्लोश रोझा यांनी थेरेमिन या वाद्याचा, घशातून निघाल्यासारखा हेलकावणारा सूर वापरून नवे संगीत दिले आणि तीच दृश्ये लोकांना भिववू लागली. दारुडा विनोदी दिसतो तो बाहेरून पाहिला म्हणून. त्या सुराने प्रेक्षकाला त्याच्या डोक्यात नेऊन बसवले.

आता दृश्यांकडे ये. चित्रपट सुरू होतो तेव्हा नायक डॉन बर्नम पूर्ण शुद्धीवर आहे, भावासोबत गावी जाण्यासाठी बॅग भरतो आहे आणि त्याची बाटली खिडकीबाहेर दोरीला टांगलेली आहे. भाऊ ती ओढून काढतो आणि मोरीत ओततो. पुढे कामवालीसाठी भावाने साखरेच्या भांड्यात ठेवलेले दहा डॉलर डॉन खिशात घालतो आणि दारात उभ्या असलेल्या तिला, तुझ्यासाठी काही ठेवलेले नाही, असे सांगतो. या क्षणी तो प्यायलेला नाही, हे ध्यानात घे. नंतर आपणच लपवलेली बाटली कुठे ठेवली हे त्याला आठवत नाही, आणि अखेर छतावरच्या दिव्याच्या भांड्यात तिची सावली दिसते. लेखक म्हणवणारा हा माणूस टाइपरायटर गहाण टाकायला उन्हातून वणवण हिंडतो, तर ज्यूंच्या योम किप्पुर या सणामुळे गहाणवटीची सगळी दुकाने बंद. व्यसनाचे नाट्य पिण्यात फार थोडे असते. ते लपवण्यात, शोधण्यात आणि खोटे बोलताना आवाज सरळ ठेवण्यात असते.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. माझा थोरला भाऊ प्यायचा. त्या वेळी आम्ही दोन खोल्यांत राहत होतो, आणि दोन खोल्यांत बाटली लपवायला जागा ती किती असणार? एका संध्याकाळी आई कुकर लावण्यासाठी तांदूळ काढत होती आणि वाटी काचेला लागल्याचा आवाज झाला. तिने क्वार्टर बाहेर काढली नाही. हाताने तांदूळ पुन्हा सारखे केले, झाकण घट्ट बसवले आणि कणीक मळायला घेतली. रात्री आम्ही दोघे भाऊ शेजारी बसून पोळीभाजी जेवलो. आज भात का नाही, हे कोणीही विचारले नाही. मीही नाही, आणि ते मला अजून बोचते. डॉनच्या भावासारखी बाटली मोरीत ओतण्याचे शहाणपण मी नंतर पुष्कळदा केले; त्याचा उपयोग एवढाच झाला की पुढची बाटली मला सापडेनाशी झाली.

वाइल्डर यांच्या चित्रपटात मला उणीव जाणवते ती इथेच. तिथे बहुतेक वेळा डॉन लपवतो आणि इतर शोधतात. आपल्याकडे मात्र माणसाबरोबर सगळे घर लपवायला शिकते. तुझ्या एकांकिकेतली वहिनी दुसऱ्या प्रवेशात नवऱ्याच्या कार्यालयात फोन करून त्याला ताप असल्याचे सांगते, ते एकच वाक्य तू घाईने उरकले आहेस. माझ्या मते तुझे नाटक त्या फोनपासून सुरू होते. फोन ठेवल्यावर ती काय करते, तेवढे लिही.

शेवटाचे म्हणशील तर, डॉन ग्लासात सिगारेट टाकतो आणि लिहायला बसण्याचे ठरवतो, ते मला कधीच पटले नाही. चार्ल्स जॅक्सन यांच्या मूळ कादंबरीत असा दिलासा नाही. तुझ्या नायकालाही तिसऱ्या प्रवेशात एकदम सुधारू नकोस, आणि टाळ्यांसाठी मारूही नकोस.

झोकांड्यांचा प्रवेश काढून नवा खर्डा रविवारी सकाळी घेऊन ये. तलावपाळीवर गर्दी असते, तेव्हा घरीच ये.

तुझा,
काका