गोळ्या चालू ठेवा आणि यजमानांना रोज खाली न्या

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांना सहा वर्षं डिप्रेशन आहे, औषधं चालू आहेत आणि आता सासूबाई म्हणतात, गोळ्या बंद करून त्यांना दहा दिवसांच्या विपश्यनेच्या ध्यान शिबिराला पाठवा. कळकळीने सांगतो, आत्ता यातलं काहीच करू नका.

मी अकरा वर्षं या दुखण्यात आहे. योगवर्गाने बरं वाटू लागलं म्हणून चौथ्या वर्षी मी परस्पर गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांत पुन्हा अंथरूण धरलं. बायको घास भरवायची. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

विपश्यना वाईट नाही. पण दिवसभर मौन आणि दहाएक तासांची बैठक म्हणजे आधीच तेच तेच विचार चघळणाऱ्या मनाला मोकळं रान. ध्यानाचा उपयोग होतो, पण केव्हा ते बघा. सीगल, विल्यम्स आणि टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्यावर आधारित आठ आठवड्यांची थेरपी तयार केली. २००० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६६ टक्क्यांचा आजार परत आला, थेरपीही घेतलेल्यांत ३७ टक्क्यांचा. मात्र सुरुवातीला ही सगळी माणसं सावरलेली होती! हे कुणी सांगत नाही.

तुमचे यजमान अजून सावरलेले नाहीत, म्हणून आधी शरीर. माझी बायको रात्रीच माझे बूट दाराशी काढून ठेवायची आणि सकाळी एवढंच म्हणायची, "गेटपर्यंत जाऊन येऊ." इच्छा व्हायची वाट बघत बसलो असतो तर अजून घरातच असतो. पहिला आठवडा गेटपर्यंतच. मग कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. दोन महिन्यांनी शिवाजी पार्कची एक फेरी, तीही थांबत थांबत. तुम्ही बोरिवलीच्या, नॅशनल पार्क जवळ आहे. सकाळच्या उन्हात न्या, बरोबर चाला, बोलायचा आग्रह नको.

आसनं शिकायची तर सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट आहे, चर्नी रोडचं कैवल्यधाम आहे. आजार आणि औषधं सांगूनच नाव घाला. भ्रामरी, दीर्घ श्वसन चालेल. जोरजोरात कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थायरॉइड आणि बी१२ तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

आणि जगण्यात अर्थ नाही असं ते कधी बोलले, तर त्यांना एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.